तालुका विज्ञान प्रदर्शन आणि आमच्या कॉम्प्युटर क्लबचं बक्षीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की क्लबच्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, अर्धे पालकांचे, थोडे शिक्षकांचे आणि उरलेले रात्री साडेअकराला मुलांचे. दरवर्षी तेच टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय. लांब झालंय, माहितीये. आपल्याला हवा तो प्रश्न शोधून वाचा, पण कांदाचाळ आणि द्राक्षाच्या पानांचा भाग मात्र सगळ्यांनी वाचा कारण पोरं दरवर्षी तिथंच आपटतात.

तुमचा क्लब म्हणजे नक्की काय? सरकारी आहे का?

नाही हो. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि त्यानंतर गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले, तसाच आमच्या गावातही एक निघाला. तिथं रात्री शेवटची बॅच सुटली की अर्धं शटर ओढून पाच-सहाजण उगाच काहीतरी खुडबूड करत बसायचे, तोच पुढे क्लब झाला. अध्यक्ष नाही, घटना नाही, बॅनर आहे पण तो एका कोपऱ्यात उंदराने खाल्लाय. एकजण बँकेत, एक मॅडम पॉलिटेक्निकला शिकवतात, दोघं पुण्यात आयटीत आहेत आणि शनिवार-रविवार गावी येतात, आणि एक मोबाईल रिपेअरवाला आहे ज्याच्यासारखं सोल्डरिंग आमच्यात कुणालाच जमत नाही. नाशिक जिल्ह्यातला कांदा-द्राक्षाचा पट्टा, त्यामुळे प्रोजेक्टही बरेचसे त्यातलेच येतात.

प्रदर्शनात नंबर काढतातच की, मग तुमचं वेगळं बक्षीस कशाला?

तालुक्याच्या प्रदर्शनात सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी असे विद्यार्थ्यांचे गट असतात, शिवाय शिक्षकांचं शैक्षणिक साहित्य असतं, प्रयोगशाळा परिचरांचं वेगळं असतं. परीक्षक बहुतेक विज्ञान-गणिताचे शिक्षक. त्यांना एका दुपारी ज्वालामुखी, हायड्रॉलिक जेसीबी, ठिबक सिंचन, चांद्रयान सगळं बघायचं असतं आणि मध्येच पाहुण्यांचं स्वागतही असतं. जेसीबीच्या स्टॉलवर इंजेक्शनची सिरिंज दाबली की हात वर जातो, लोक वा म्हणतात. आणि शेजारच्या टेबलावर एखाद्या पोराने महिनाभर खपून लिहिलेला प्रोग्रॅम असतो, पण दिसायला काय दिसतं, तर काळ्या स्क्रीनवर चार ओळी. मेहनत सगळी आतमध्ये, बाहेर काहीच हलत नाही, लाईट लागत नाही, धूर येत नाही. परीक्षक बघतात, "छान" म्हणतात आणि पुढे जातात. त्यांचा दोष नाही, वेळच तेवढा असतो.

म्हणून आयोजकांना विचारून आम्ही आमचं एक विशेष बक्षीस द्यायला लागलो. मुख्य निकालात आम्ही बोट घालत नाही. आम्ही फक्त कॉम्प्युटिंगच्या स्टॉलवर जातो आणि एकेका स्टॉलवर निवांत बसतो, खुर्ची मागून घेतो.

ही आयडिया तुमचीच का?

नाही, अजिबात नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांची जी मोठी विज्ञान स्पर्धा आहे, आयसेफ, जी १९५० मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली, तिच्यात मुख्य बक्षिसांच्या बरोबरीने 'विशेष पुरस्कार' असतात. वेगवेगळ्या विषयांच्या संस्था आपापले परीक्षक पाठवतात आणि आपल्या विषयातलं काम हुडकून काढतात. कॉम्प्युटरवाल्यांची एसीएम ही १९४७ पासूनची जुनी संस्था, तीही तिथं बक्षीस देत आलीय. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा मुख्य इनाम कमिटी देते, पण एखादा दुकानदार उठतो आणि आपल्याला भावलेल्या पैलवानाला स्वतःच्या खिशातून फेटा बांधतो, तेच हे.

भाग कोण घेऊ शकतं? वेगळा फॉर्म भरायचा का?

प्रदर्शनात शाळेतर्फे ज्याचा स्टॉल आहे तो आमच्यासाठी पात्र. फॉर्म नाही, फी नाही. स्टॉलवर 'कॉम्प्युटर क्लबसाठी' अशी चिठ्ठी लावा, नाही लावली तरी आम्ही फिरतोच.

कॉम्प्युटरवर पीपीटी केली तर तो कॉम्प्युटिंगचा प्रोजेक्ट होतो का?

नाही. एवढंच उत्तर आहे पण तरी सांगतो, कारण एका पालकांनी माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता. सूर्यमालेची पीपीटी म्हणजे सूर्यमालेचा तक्ता, फक्त कागदाऐवजी स्क्रीनवर. आम्हाला असा प्रोजेक्ट हवा ज्यात काहीतरी मोजलं, ठरवलं, लावून बघितलं किंवा शोधलं जातंय, आणि ते कसं करायचं याची कृती मुलाने स्वतः विचार करून लिहिलीय. पुस्तकं लावायची पद्धत असो, पाण्याच्या मोटारीचं टायमिंग असो, गेम असला तरी चालेल. गेमला नाकं मुरडू नका हो, शाळेतल्या एका गेममध्ये आम्ही जेवढं गणित बघितलं तेवढं बऱ्याच 'स्मार्ट शेती'त नसतं.

आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही. मग काय करायचं?

तरी चालतं. हे मनापासून सांगतोय, समजूत काढायला नाही.

एका वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतला सातवीतला मुलगा आला, त्याच्या टेबलावर एक ड्रॉईंग शीट, टाचण्या आणि लोकरीचा दोरा, बास. त्याचे काका डेअरीचं दूध गोळा करायला मोटारसायकलवर वस्त्यांवर फिरतात, तर कोणत्या क्रमाने गेलं तर कमी फिरावं लागेल हा त्याचा प्रश्न. टाचण्या म्हणजे वस्त्या, दोरा म्हणजे रस्ता, दोऱ्याची लांबी पट्टीने मोजायची. त्याने आधी चार वस्त्या घेतल्या आणि सगळे क्रम लिहून काढले, २४ झाले. मग पाच घेतल्या, १२० झाले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आठ वस्त्यांचे सगळे क्रम लिहायला बसलो तर वही पुरणार नाही. आठचे होतात ४०,३२०. दहाचे ३६,२८,८००. हे त्याने गुणाकार करून शीटवर कोपऱ्यात लिहिलं होतं आणि खाली 'म्हणून सगळे तपासणे अशक्य' असं लाल पेनने. मग त्याने दुसरी युक्ती केली, जिथं आहोत तिथून सगळ्यात जवळची वस्ती धरायची, आणि त्या युक्तीने कुठं फसायला होतं तेही दोऱ्याने दाखवलं, शेवटची वस्ती लांब एकटी राहून जाते आणि सगळी बचत तिथं जाते.

हा कॉम्प्युटर सायन्समधला खूप जुना आणि अजूनही अवघड समजला जाणारा प्रश्न आहे, फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात त्याला. पोराला ते नाव माहीत नव्हतं. पुण्याहून आलेला आमचा मेंबर पंधरा मिनिटं त्या टेबलावरून हलला नाही. त्या वर्षीचं बक्षीस त्यालाच.

ऑनलाईन तयार किट मिळतं, ते जोडून आणलं तर?

आणा, पण तेवढंच आणलंत तर बक्षीस नाही. दरवर्षी आम्हाला तीन-चार तरी 'अंध व्यक्तींसाठी स्मार्ट काठी' दिसतात, सगळ्यांत तोच निळा दोन डोळ्यांचा, अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, तोच बझर, तीच यूट्यूबवरची वायरिंग. काठी वाईट नाही. पण कुणी ती घेऊन खरंच चाललंय का? तो सेन्सर समोरचं २ सेंटिमीटरपासून ४ मीटरपर्यंतचं बघतो असं लिहिलेलं असतं, पण कापडाचा पडदा समोर धरला तर? समोर भिंतच नसेल आणि खाली उघडं गटार असेल तर? एका मुलीने डोळ्यांना रुमाल बांधून शाळेच्या व्हरांड्यात ती काठी चालवून बघितली आणि किती वेळा आदळली ते लिहून आणलं. किट तेच होतं, पण प्रोजेक्ट तिचा झाला.

चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतला तर चालेल का?

लपवलं नाही तर चालेल. आम्ही स्वतः ऑफिसात वापरतो, मग मुलांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार. फक्त वहीत लिहा की कोणता भाग त्याने दिला, तुम्ही काय विचारलं होतं आणि तुम्ही काय बदललं.

आणि एक लक्षात ठेवा, आम्ही स्टॉलवर आलो की कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारतो, ही ओळ काढून टाकली तर काय होईल? ज्याने लिहिलाय तो चुकीचं उत्तर देईल कदाचित पण विचार करून देईल, आणि म्हणेल थांबा काढून बघू. ज्याने नुसता चिकटवलाय तो सरांकडे बघतो. एकदा आम्ही आर्द्रता मोजणाऱ्या प्रोजेक्टमधली दोन सेकंद थांबायची ओळ दाखवून विचारलं की हे थांबायचं कशाला, तर मुलगा म्हणाला, "सेन्सरला दम लागतो." आम्ही हसलो पण उत्तर बरोबर होतं, तो सेन्सर सेकंदाला एकाच वेळेच्या वर वाचता येत नाही.

वहीत नक्की काय लिहायचं? शाळेच्या प्रयोगवहीसारखं का?

उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष असं सुवाच्य अक्षरात लिहिलेली वही प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लिहिलेली असते हे आम्हाला कळतं, आम्हीही तेच करायचो. आम्हाला ती वही नको. तारीख टाकून त्या दिवशी काय केलं आणि काय बिघडलं ते लिहा, खाडाखोड असू दे, चहाचे डाग असू देत. 'आज काहीच चाललं नाही, वायर सैल होती, दोन तास गेले' हे वाक्य आमच्यासाठी सोन्यासारखं.

स्टॉलवर आमचा पहिला प्रश्नच हा असतो: यातलं न चाललेलं एक पान दाखव.

सेन्सरचं रीडिंग चुकतंय असं वाटतं, काय करू?

हा प्रश्न विचारणारं पोर मला लगेच आवडतं, कारण बाकीची पोरं स्क्रीनवर आकडा आला की तो खराच धरतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आठवीतली मुलगी, घरी कांदाचाळ. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा आणि भावाची वाट बघायची हे आमच्याकडे घरोघरी, आणि आतमध्ये दमटपणा वाढला की कांदा सडायला लागतो, वास आल्यावर कळतं तोवर उशीर झालेला असतो. साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता बरी समजतात. तर तिने आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) आणि डीएचटी११ नावाचा निळा जाळीदार सेन्सर घेऊन चाळीत लावला, आर्द्रता वाढली की बझर. सेन्सर ६२ दाखवत होता. आणि कांदा सडत होता.

मग तिने दुसरा तसाच सेन्सर आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, तर एक म्हणतो ६१ आणि दुसरा म्हणतो ६७. आता खरं कोणाचं? तिच्या सरांनी सांगितलं की सरासरी काढ. इथं बहुतेक पोरं सरासरी काढून मोकळी होतात. हिने त्या सेन्सरची माहिती शोधली, त्यात लिहिलेलं असतं की आर्द्रता ५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते आणि तापमान २ अंश. म्हणजे दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते.

पुढचं मला सगळ्यात भारी वाटलं. मिठाचं एक कोष्टक असतं, म्हणजे बंद डब्यात साधं मीठ पाण्यात चिखलासारखं कालवून ठेवलं तर आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते, खोलीच्या तापमानाला. तिने आईचा झाकणाचा घट्ट डबा घेतला, बाटलीच्या झाकणात ओलं मीठ ठेवलं, दोन्ही सेन्सर आत, मिठाला लागणार नाहीत असे, वायरी बाहेर काढून कडा चिकटपट्टीने बंद, आणि रात्रभर ठेवलं. सकाळी एक ७१ वर आणि दुसरा ७८ वर. मग तिने वहीत लिहिलं, एकात चार मिळवायचे, दुसऱ्यातून तीन वजा करायचे. आता तिच्याच पहिल्या रीडिंगला हे लावून बघा, ६१ चे ६५ होतात आणि ६७ चे ६४. सहाचं भांडण एकावर आलं. पुण्यातल्या आमच्या दोघांना ही मिठाची युक्ती माहीत नव्हती, खोटं कशाला बोलू.

आणि तरीही कांदा का सडत होता? कारण सेन्सर चाळीच्या दाराजवळ लावला होता, प्लगपॉईंट तिथं होता म्हणून. दाराशी हवा खेळती. तिने वायर वाढवून सेन्सर ढिगाच्या मधोमध, पीव्हीसी पाईपला भोकं पाडून त्यात सोडला, तर आतला आकडा दारापेक्षा बराच जास्त निघाला. त्या पानावर कांद्याच्या सालाचा तुकडा अजून चिकटलेला होता. बझर प्रदर्शनाच्या दिवशी वाजलाच नाही, बॅटरी उतरली होती. बक्षीस तरी तिलाच दिलं.

मातीचा ओलावा मोजणारे जे दोन पायांचे स्वस्त सेन्सर असतात त्यांच्याबद्दलही एक: ते काही आठवड्यांत गंजतात, कारण ओल्या मातीतून सतत करंट जातो आणि धातू झिजतो. रीडिंग हळूहळू सरकत जातं आणि तुम्हाला वाटतं जमीन सुकतेय. रीडिंग घ्यायचं तेवढ्यापुरताच त्याला करंट द्या, किंवा कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, त्यात धातू मातीला लागत नाही.

आमच्या एआय मॉडेलची ॲक्युरसी ९८ टक्के आहे, बक्षीस नक्की ना?

९८ ऐकलं की आम्ही सावध होतो.

नववीतली दोन मुलं द्राक्षाचं पान मोबाईलसमोर धरलं की 'निरोगी' किंवा 'डावणी' (पानांवर पडणारा एक रोग) सांगणारा प्रोजेक्ट घेऊन आली होती. टीचेबल मशीनवर केलेलं, जे गूगलचं फुकट मिळतं आणि कोड न लिहिता फोटो देऊन शिकवता येतं. दाखवायलाही छान, पान धरलं की हिरवी पट्टी भरते. आमच्या पॉलिटेक्निकच्या मॅडमनी त्यांच्याच टेबलावरचं निरोगी पान उचललं आणि पांढऱ्या कागदावर न ठेवता मागच्या मांडवाच्या कापडासमोर धरलं. मशीन म्हणालं डावणी, ९९ टक्के. मग मॅडमनी नुसतं कापडच दाखवलं, पान नाहीच. डावणी.

मुलांचे चेहरे पडले, पण मोठा मुलगा हुशार, त्याने तिथंच ओळखलं. निरोगी पानांचे फोटो घरी टेबलावर पांढऱ्या कागदावर काढले होते आणि रोगट पानांचे बागेत वेलीवरच, कारण रोगट पान तोडून घरी आणायला आजोबांनी नको म्हटलं होतं. मशीन पान बघतच नव्हतं, मागचं बघत होतं. पांढरं दिसलं की निरोगी, बाकी सगळं डावणी.

ही चूक जगभरातल्या मोठ्या मोठ्या लोकांकडूनही झालेली आहे, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही. पण तपासायचं कसं ते सांगतो. एक, दोन्ही प्रकारचे फोटो एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच मोबाईलने काढा. दोन, एका पानाचे दहा फोटो काढले असतील तर ते दहाच्या दहा शिकवायला किंवा दहाच्या दहा परीक्षेला, अर्धे इकडे अर्धे तिकडे केले तर तो पेपर फुटल्यासारखंच झालं, मशीनने ते पान आधीच बघितलेलं असतं. तीन, शंभरात नव्वद पानं निरोगी असतील तर डोळे मिटून प्रत्येक वेळी 'निरोगी' म्हणणाऱ्यालाही ९० टक्के मिळतात, तेव्हा एकच आकडा सांगू नका, रोगट पानांपैकी किती पकडली ते वेगळं सांगा, शेतकऱ्याला तेच हवंय. आणि भुरी या दुसऱ्या रोगाचं पान दाखवलं तर काय म्हणतं तेही बघा, कारण त्याला भुरी शिकवलेलीच नाही, तरी ते उत्तर देणारच.

तीच मुलं पुढच्या वर्षी परत आली, ७९ टक्के घेऊन, आणि कशात चुकतं त्याचा तक्ता घेऊन. तेव्हा त्यांना बक्षीस मिळालं. आकडा खाली आला आणि बक्षीस मिळालं याचं त्यांच्या वडिलांना अजून नवल वाटतं.

मराठीत बोललं तर मार्क कमी होतात का?

उलट. पाठ केलेलं इंग्रजी ऐकून आमचे कान किटलेत, "धिस इज माय प्रोजेक्ट व्हिच इज व्हेरी यूसफुल टु सोसायटी" इथून सुरुवात झाली की आम्ही हळूच म्हणतो, बाळा मराठीत सांग. लूप, व्हेरिएबल, फंक्शन हे शब्द आहेत तसेच वापरा, उगाच भाषांतर शोधत बसू नका.

आणि मराठी हाच विषय घेतला तर अजून मजा. एका मुलीने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उलटसुलट सारखंच वाचता येणारे शब्द ओळखणारा प्रोग्रॅम केला होता. इंग्रजीत 'madam' टाकला, बरोबर ओळखला. मग तिने 'रामाला भाला मारा' टाकलं, जे आपण सगळे लहानपणापासून उलटं वाचत आलोय, मधली मोकळी जागा काढूनसुद्धा प्रोग्रॅम म्हणाला नाही. तिला वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतं, कॉम्प्युटर 'रा' हे एक अक्षर धरत नाही, 'र' वेगळा आणि काना वेगळा. उलटं केलं की सगळ्यात पुढे एक अनाथ काना येऊन बसतो. 'क्षेत्र' या शब्दाची लांबी पायथनला विचारा, सात सांगतो, कारण हलन्त आणि मात्राही मोजतो. तिने मग आधी प्रत्येक मात्रा तिच्या व्यंजनाला चिकटवून तुकडे केले आणि मग तुकडे उलटे लावले. चाललं! हे कुठल्याही इंग्रजी यूट्यूब व्हिडिओत मिळणार नाही, कारण त्यांना हा प्रॉब्लेम येतच नाही.

खर्च किती येतो?

दोऱ्याचा प्रोजेक्ट शून्य रुपयांत झाला होता. आर्डुइनोचा ओरिजिनल बोर्ड महाग पडतो, क्लोन घ्या, चालतो. क्लबकडे काही बोर्ड आहेत, शाळेच्या पत्रावर महिनाभर वापरायला देतो, जळाला तर रागावत नाही पण कसा जळाला ते लिहून द्यायचं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, ३.३ व्होल्टच्या ईएसपी बोर्डाच्या (वायफायवाला छोटा बोर्ड) पिनेला ५ व्होल्ट दिले. तुमच्या जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) असेल तर तिथल्या सरांना विचारा, सामान बऱ्याचदा कपाटात कुलूपबंद असतं आणि कुणी मागितलं तर त्यांनाही बरंच वाटतं.

चेहरा ओळखून हजेरी लावणारा प्रोजेक्ट करतोय, वर्गातल्या सगळ्यांचे फोटो घेतलेत.

कुणाला विचारून? वर्गशिक्षकांनी हो म्हटलं म्हणजे झालं नाही. मुलांच्या आईवडिलांची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरलीय आणि पालकांची संमती मागितलीय, आणि आयसेफसारख्या स्पर्धेत तर माणसांवर काही करून बघायचं असेल तर काम सुरू करायच्या आधीच मंजुरी लागते, नंतर घेतलेली चालत नाही. सोपा मार्ग म्हणजे फक्त स्वतःच्या टीमचे चेहरे वापरा. आणि प्रदर्शनात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो घेऊन लॅपटॉपमध्ये साठवू नका, मागे एका आजींनी यावरून चांगलंच झापलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं.

पालकांनी मदत केली तर?

वायर पकडा, वेल्डिंग करून द्या, गाडीवर सोडा. पण आम्ही मुलाला प्रश्न विचारल्यावर मागून उत्तर देऊ नका, प्लीज. आमचा बँकवाला मेंबर अशा वेळी पालकांना चहाला घेऊन जातो, तो त्याचा ठरलेला रोल आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी काय काय आणायचं?

एक्स्टेन्शन बोर्ड, आणि त्यावर स्वतःचं नाव. चार्जर. इंटरनेट असेल असं धरूच नका, मांडवात अडीचशे मोबाईल एकाच टॉवरला लटकलेले असतात, तुमचं ॲप नेटवर चालत असेल तर आधीच चालू स्थितीतला व्हिडिओ काढून लॅपटॉपमध्ये ठेवा. लाईट जाणार, हे पाहुण्यांच्या भाषणाइतकंच नक्की आहे. स्क्रीनचा ब्राईटनेस फुल्ल करा, उन्हात काही दिसत नाही. सुट्या जंपर वायरी दहा तरी जास्त, आणि थर्माकोलच्या बंगल्यात सगळं चिकटवून टाकू नका, आतली वायर निघाली की बंगला फोडावा लागतो. फोडलाय आम्ही.

बक्षीस काय असतं?

एक प्रमाणपत्र, एक पुस्तक किंवा बोर्ड, आणि आम्ही वर्गणी काढून जमेल तेवढी रक्कम. ट्रॉफी देत नाही, ती कपाटावर जाऊन धूळ खाते. आणि हो, जिंकणाऱ्याने पुढच्या शनिवारी क्लबवर येऊन आम्हाला त्याचा प्रोजेक्ट नीट, घाई न करता समजावून सांगायचा. बरोबर भेळ असते. दोऱ्यावाल्या मुलाचा तो शनिवार साडेतीन तास चालला होता.

आम्हाला बक्षीस का दिलं नाही?

विचारा, आम्ही सांगू. प्रत्येक स्टॉलबद्दल आमच्याकडे चार ओळी लिहिलेल्या असतात, त्याचा फोटो काढून पाठवतो. आमचंही चुकतं. एका वर्षी आम्ही एका रेल्वे फाटकाच्या मॉडेलला बक्षीस दिलं आणि नंतर कळलं की ते जसंच्या तसं विकत आणलेलं होतं, तेव्हापासून ते न चाललेलं पान बघायला लागलो.

पुढे कुठं पाठवता येईल?

शाळेच्या प्रदर्शनाची वाट तालुका, जिल्हा, राज्य आणि मग एनसीईआरटीच्या राष्ट्रीय बालवैज्ञानिक प्रदर्शनापर्यंत जाते, तिथं २०२४-२५ मध्ये गणितीय मॉडेलिंग आणि संगणकीय विचार असा उपविषयही होता, त्या त्या वर्षीचे उपविषय बघून नाव नोंदवा. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेसाठी शाळा ऑनलाईन कल्पना पाठवते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात, प्रोटोटाईप बनवायला, मुख्याध्यापकांच्या मागे लागा कारण तारीख निघून जाते. आयरिस नॅशनल फेअर ही वेगळी स्पर्धा, तिथून नववी ते बारावीच्या निवडक मुलांना आयसेफला जाता येतं, आयसेफच्या टीममध्ये जास्तीत जास्त तिघं. आमच्या क्लबच्या प्रमाणपत्राला यातल्या कुठंच वजन नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जुना लॅपटॉप पडलाय, क्लबला देऊ का?

द्या की. चार्जरसकट द्या, आणि तुमचे लग्नाचे फोटो आधी काढून घ्या. मागच्या वेळी आलेल्या लॅपटॉपमध्ये सगळा साखरपुडा होता, आणि पेनड्राईव्ह घेऊन त्यांच्या घरी जाणारा मेंबर मीच होतो.